म्हाकूचं घोंगडं

पुष्कळ वर्षं झाली. इतकी, की वाघजाळीच्या माळावरच्या बिरोबाला तेव्हा साधं छप्परही नव्हतं. त्या माळावर म्हाकू नावाची एक धनगरीण मेंढरं राखायची. तिचा नवरा येसू तापानं गेला आणि मागे राहिली मेंढरं, त्याचं काळं घोंगडं आणि कवड्या नावाचं कुत्रं. काळ्या अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, म्हणून कवड्या.

मेंढरांना येसूच्या हाकेची सवय होती. म्हाकूचा आवाज बारीक, माळावरचा वारा तो तोंडातून निघताच उडवून न्यायचा. तिचा दीर बिरू म्हणाला, मेंढरं माझ्या कळपात घाला. तो वाईट नव्हता, पण त्याच्या कळपात गेलेलं मेंढरू पुन्हा म्हाकूचं म्हणून कुणी ओळखणार नव्हतं. तिनं होकार दिला नाही. मग जाणत्या ठका तात्यांनी तोड काढली. पाडव्याला माळावर मेंढरं पळवण्याची चढाओढ व्हायची. मालकानं रेषेवर उभं राहायचं, एकट्या कुत्र्यानं कळप टेकडीला वळसा घालून आणायचा. ढोल थांबायच्या आत, एकही मेंढरू कमी न होता. म्हाकूला ते जमलं तर कळप तिचा.

म्हाकूनं हाकेचा नाद सोडला. घोंगडं उजव्या खांद्यावर टाकलं की कवड्यानं उजवीकडे जायचं, डाव्यावर टाकलं की डावीकडे. आणि दिवस कलताना ती घोंगडं जमिनीवर अंथरायची, तेव्हा मेंढरं असतील तिथं बसायची. पहिल्यांदा कवड्यानं कळप थेट लोकांच्या जोंधळ्यात घातला. म्हाकूनं रागानं दगड भिरकावला. कवड्या रुसून बाभळीखाली जाऊन बसला, भाकरीला तोंड लावीना. तेव्हा तीही न जेवता त्याच्याशेजारी बसून राहिली. बसल्या बसल्या तिच्या ध्यानात आलं, की कुठं काही बिघडलं की त्याचा डावा कान आधी उभा राहतो. त्या दिवसापासून तो घोंगड्याकडे बघू लागला आणि ती त्याच्या कानाकडे. असं म्हणतात, पुढे माळावरच्या घारीही ते घोंगडं बघून वळायच्या.

पाडवा आला. तात्यांनी ढोलावर टिपरू टाकलं. इतरांची कुत्री भुंकत सुटली, मालक घसा फोडून ओरडू लागले, कळप एकमेकांत घुसले. कवड्या मात्र गुमान टेकडीमागे गेला आणि वळसा घालून कळप घेऊन आला. रेषा जवळ दिसायला लागली, आणि तो थांबला.

म्हाकूनं घोंगडं उजव्या खांद्यावर टाकलं. तो हलला नाही. डाव्यावर टाकलं, तरी नाही. लोक हसू लागले.

"वैनी, दमलं तुमचं कुत्रं," बिरू म्हणाला. "रात्री भुंकण्यापुरतंच असतंय ते."

म्हाकूचा हात पुन्हा घोंगड्याकडे गेला. एवढ्यात तिला त्याचा डावा कान दिसला. उभा, मागच्या ओढ्याकडे वळलेला. ढोल कधी थांबेल याचा नेम नव्हता. कळप रेषेबाहेर बसला तर सगळं गेलं, हे तिला कळत होतं. तरी तिनं खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि भर दुपारी जमिनीवर अंथरलं.

सगळी मेंढरं होती तिथं बसली. कवड्या वाऱ्यासारखा ओढ्याकडे गेला.

असं म्हणतात, तात्या थकले होते, त्यांना थांबायचं होतं, पण हात थांबेना. ढोल आपला आपण वाजत राहिला. ओढ्याच्या घळीतून एक मेंढी लंगडत वर आली. मागून कवड्या आला, जबड्यात अलगद धरलेलं, नुकतं जन्मलेलं ओलं कोकरू घेऊन. म्हाकूनं घोंगडं उचललं. कळप एका अंगानं उठला आणि कवड्याच्या पुढे चालू लागला. शेवटचं मेंढरू रेषेच्या आत आलं आणि ढोलाचं कातडं फाटलं.

मेंढरं बिरूनं स्वतः मोजली. दोनदा मोजली. मग ते कोकरू उचलून छातीशी धरलं.

"वैनी, एक जास्त भरतंय."

"ते कवड्याचं," म्हाकू म्हणाली.

म्हाकू पुढे खूप जगली. शेवटी ती आणि कवड्या टेकडीमागे वळसा घालायला गेली ती पुन्हा दिसलीच नाहीत, असं म्हणतात.

वाघजाळीला आजही पाडव्याला मेंढरं पळतात. आधी रेषेवर काळं घोंगडं अंथरतात. त्यावर माणूस बसत नाही, कुत्री बसतात. ढोल सगळे कळप आत येईपर्यंत वाजतो. आणि पाडव्यानंतर माळावर जे पहिलं कोकरू जन्मतं, ते कुणी विकत नाही. व्यापारी येतो, पाठीवरून हात फिरवतो, हे कुणाचं म्हणून विचारतो. कळप कुणाचाही असो, उत्तर एकच मिळतं.

"ते कवड्याचं."