मानाचे पागोटे

फार जुन्या काळची गोष्ट. घाट उतरला की लगेच एक गाव लागे. गावाच्या मधून मिठाच्या गाड्यांचा रस्ता जाई. घरे अलीकडे, पाठशाळा पलीकडे. उतारावर भरलेली गाडी बैलांनाही आवरत नसे.

त्या रस्त्यावर एक म्हातारा उभा राही. एके काळी तोही गाडीवानच होता. हातात काठी, काठीला तांबडे फडके. मुले आली की तो रस्त्यात उतरे आणि फडके वर धरी. गाडीवान लांबूनच कासरे खेचत. काही जण चिडवत, की राजाची गाडी आली तर काय करशील? म्हातारा म्हणे, "थांबेल. राजालाही नातवंडं असतील."

तो उभा राहू लागल्यापासून एकाही मुलाला साधे खरचटले नव्हते. गावाने ठरवले, याचा मान करायचा.

त्या गावची रीत कडक होती. ज्याचा मान, त्याच्या डोक्याला गावाचे तांबडे पागोटे बांधत. मग घरटी एक माणूस येऊन त्याला गंध लावी. शेवटचे गंध लागेपर्यंत त्याने उठायचे नाही. उठला तर तो गावाचा अपमान. अशा माणसाला पुन्हा कोणी पंगतीला बोलावत नसे.

म्हाताऱ्याला देवळाच्या ओट्यावर बसवले. फुले बांधायची म्हणून काठी आत नेली. गंध लागू लागले. म्हाताऱ्याला बरे वाटत होते. आयुष्यात कोणी त्याला असे बसवले नव्हते.

ऊन पायरीवर आले, तसा तो चुळबुळू लागला. ही पाठशाळा सुटायची वेळ. रस्त्यावर कोण आहे, असे त्याने पाटलाला विचारले. पाटील हसून म्हणाला, की सारे गाव तुझ्यासाठी इथेच जमले आहे.

"म्हणजे तिथं कुणी नाही."

"एक दिवस बस की गपगुमान. असा मान रोज मिळत नाही."

तेवढ्यात घाटाकडून घुंगरांचा आवाज आला. आपले पंगतीतले पान आता कायमचे उठणार, हे म्हाताऱ्याला कळत होते. तो उठला.

धावता धावताच त्याने पागोटे सोडले. मुले रस्त्याच्या मधोमध आली होती, गाडी उतारावर होती. म्हाताऱ्याने मध्ये उभे राहून ते लांब तांबडे कापड दोन्ही हातांनी फडकवले. गाडीवानाने जीव खाऊन कासरे ओढले. बैल त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबले.

मुले रस्ता ओलांडून घरांकडे गेली. जाता जाता एक पोरगी म्हणाली, "आबा, आज तुम्हाला उशीर झाला."

मागून संतापलेले गाव आले आणि म्हाताऱ्यासमोर हातभरावर थांबलेले बैल पाहून जागीच थबकले. पाटलाने धुळीतले पागोटे उचलून झटकले.

"रीत मोडली मी," म्हातारा म्हणाला.

"रीतच चुकली," पाटील म्हणाला. "राखणदाराला रस्त्यावरून उठवून आम्ही मान करत बसलो."

पाटलाने देवळातून काठी आणवली आणि तिला पागोटे बांधून ती म्हाताऱ्याच्या हाती दिली. उरलेल्या घरांनी रस्त्यातच गंध लावले. त्या दिवसापासून पाठशाळा सुटताना घरटी एक माणूस पाळीने म्हाताऱ्याबरोबर उभा राहू लागला. पुढे म्हातारा गेला, पण ती पाळी चुकली नाही.

मुलांना जपणाऱ्याचा मान त्याला ओट्यावर बसवून होत नाही, त्याच्या शेजारी रस्त्यावर उभे राहून होतो.