बांबूचं दुसरं टोक

"ते सगळं खरं मिस, पण दोन्हीतली कुठली?"

हेमांगीनं तिला लहानपणी नाच शिकवणाऱ्या एस्तेर मिसना विचारलं. त्या शाल्मलीच्या पायांकडे बघत होत्या.

शाल्मली म्हणजे हेमांगीची मुलगी. दहा वर्षांची. देवळाली कॅम्पातल्या चर्चमागच्या या हॉलमध्ये ती पहिल्यांदाच आली होती, आणि लाकडी जमिनीवर टाचा आपटत कुठली फळी करकरते ते शोधत होती.

हेमांगीला ते डोळे मिटूनही सांगता आलं असतं. खिडकीजवळची. लहानपणी सगळ्या जणी ती फळी चुकवून उड्या मारायच्या.

"मिस, मी तुम्हाला विचारतेय."

"ऐकू येतं मला. गुडघे गेलेत, कान नाही."

हेमांगीनं मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बॅले शिकवणाऱ्या दोन निवासी शाळांनी शाल्मलीला घेतलं होतं. बंगळुरूची मोठी. भिंतभर आरसे, परदेशातून येणारे शिक्षक, मुलींचे पाय तपासायला वेगळी डॉक्टर. दिल्लीची लहान. मोजक्याच मुली, शिकवणाऱ्या बाई एकच, पण त्या बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुली आज कुठे कुठे नाचतायत. एकदा गेली की अभ्यास, जेवण, झोप सगळं तिथेच. घर फक्त सुट्टीपुरतं. आज संध्याकाळपर्यंत एकीला हो म्हणायचं होतं. नाहीतर दोन्ही जागा जाणार.

"बंगळुरूला आरसे आहेत," मिस म्हणाल्या.

"हो."

"आणि दिल्लीला?"

"असतीलच की. आरशांचं काय घेऊन बसलात, मिस?"

"आपल्याकडे नव्हते, म्हणून विचारलं."

नव्हतेच.

काय होतं तेव्हा? थंडीत बर्फासारखी गार पडलेली ही जमीन होती. कोपऱ्यात राळेचा खोका होता. पाय घसरू नये म्हणून आत उभं राहून बुटांखाली राळेचे खडे चिरडायचे. तो चुरचुर आवाज, तो वास. सैनिकांचे कॅनव्हासचे बूट शिवणाऱ्या माणसाकडूनच मुलींचे नाचाचे बूट शिवून यायचे आणि पहिल्याच आठवड्यात अंगठ्याशी फाटायचे. पियानो चर्चनं कधीच विकून टाकला होता, म्हणून सॅम्युअल सर पेटी वाजवायचे. बॅले, आणि पेटीवर. पुढे पुण्यात कॉलेजात हेमांगीनं हे सांगितलं तेव्हा मैत्रिणी हसून हसून लोळल्या होत्या. तीही हसली होती. आणि त्या रात्री तिला झोप लागली नव्हती.

"सॅम्युअल सर?" तिनं विचारलं.

"गेले. मागच्या नाताळाच्या आधी."

"मला कुणी कळवलं नाही."

"तू कुठे होतीस कळवायला?"

 अकराव्या वर्षी हेमांगी या हॉलच्या पायऱ्या उतरली होती, ती आज परत चढली होती.

शाल्मली पळत आली. "आजी, ती फळी सापडली."

"आजी म्हणू नकोस, लगेच पाय दुखायला लागतात. मिस म्हण."

"मिस, सापडली."

"शाबास. आता तिच्यापासून लांब उभी राहा."

हेमांगीचा धीर सुटला. तिला नेहमीच असं वाटत आलं होतं. या जुन्या माणसांना काही विचारावं, तर ती भलतंच काहीतरी बोलतात, आणि आपण त्यात शहाणपण शोधत बसायचं. वय झालं म्हणजे उत्तर द्यायची जबाबदारी संपते की काय?

"तुम्ही तेव्हाही अशाच गप्प बसलात," ती म्हणाली.

मिसनी तिच्याकडे बघितलं.

"कोलकात्याच्या शाळेनं मला घेतलं होतं. बाबा तुम्हाला विचारायला इथे आले. मी बाहेर पायरीवर बसले होते. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, तुला पाठवावं असं मिसलाही काही वाटत नाही. संपलं. एक शब्द बोलल्या असतात तर मी गेले असते. आज तो शब्द घ्यायला आलेय मी. माझ्यासाठी नाही. हिच्यासाठी."

मिस उठल्या. हळूहळू कोपऱ्यात गेल्या आणि एक लांब बांबू घेऊन आल्या. हात लागून लागून तो गुळगुळीत झाला होता, मधोमध जवळजवळ काळा.

"अजून आहे हा?" हेमांगी म्हणाली. तिचा राग क्षणभर कुठल्या कुठे गेला.

"तोच नाही. त्याचा नातू."

हॉल चर्चचा. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, अशी ताकीद होती. बॅले शिकणाऱ्या मुली सगळीकडे भिंतीतल्या दांड्याला धरून सराव करतात. इथे दोन मुली दोन बाजूंना उभ्या राहून कमरेशी बांबू धरायच्या आणि बाकीच्या त्याला हात लावून नाचायच्या. पाळीपाळीनं. जिच्या हातात टोक, तिला सगळं कळायचं. कुणी अंगाचा भार टाकला की बांबू तिच्या बाजूला खाली यायचा, आणि ती लगेच ओरडायची, "मिस, फ्लोरीन झोपली." फ्लोरीन तिची पाळी आली की सूड घ्यायची.

"धर," मिसनी एक टोक हेमांगीच्या हातात दिलं. दुसरं स्वतः धरलं. "शाल्मली, ये. भिंतीच्या दांड्याला लावतेस तसा हात लाव. गुडघे वाकव. सावकाश."

शाल्मलीनं बांबूला हात लावला. पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवले, वर आली. पुन्हा वाकवले.

पोरगी छान करत होती.  पेटी असायला हवी होती आत्ता.

"रेलतेय का?" मिसनी विचारलं.

हेमांगीनं हाताला विचारून बघितलं. "थोडी. माझ्या बाजूला जड लागतंय."

"बांबूकडे बघ."

हेमांगीनं बघितलं. तिच्याकडचं टोक छातीपर्यंत वर आलं होतं. मिसचं होतं तिथेच होतं, कमरेशी.

"ती रेलत नाहीये. तू उचलतेयस."

हेमांगीनं हात खाली घेतला. थोड्या वेळानं बघितलं तर तो पुन्हा वर.

शाल्मली मुकाट्यानं गुडघे वाकवत होती. दर वेळी वर आली की तिची मान वळायची, डोळे आईच्या तोंडावर जायचे, मग ती पुढचं करायची.

"दर खेपेला ही काय बघते तिकडे?" मिस म्हणाल्या.

"बरोबर आलं की नाही ते बघते. सवय आहे तिला. घरी सराव मीच घेते."

"अच्छा. म्हणजे घरी आरसा आहे."

हेमांगीचा चेहरा तापला. "मिस, मला टोमणे नकोत. मला शाळा सांगा."

"हिला विचारलंस?"

"दहा वर्षांची आहे ती. दहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

मिसनी बांबू खाली घेतला.  शाल्मली बांबूवरचा हात काढावा की नाही, या विचारात तशीच उभी.

"तुझे बाबा तिथे उभे होते," मिस म्हणाल्या. "दारापाशी. टोपी हातात घेऊन. भला माणूस. मला म्हणाले, तुम्ही सांगाल तसं करतो."

"मग?"

"मी म्हटलं, तिला विचारा. ते हसले. म्हणाले, अकरा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

बाहेर आवारात कुणीतरी उन्हात टाकलेल्या गाद्या काठीनं झोडपत होतं. धप्... धप्...

हेमांगी त्या पायरीवर बसली होती. किती वर्षं बसली होती. दार उघडेल, कुणीतरी बाहेर येईल आणि विचारेल, तुला जायचंय का गं? तिचं उत्तर तयार होतं. ते तोंडात धरून ती मोठी झाली, शिकली, लग्न झालं, आणि मुलीचे पाय लांब आहेत असं दाईनं म्हटल्याबरोबर पहिल्यांदा तेच आठवलं.

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली. आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

"हं."

"तुम्ही तरी बाहेर येऊन विचारायचं."

"यायला हवं होतं," मिस म्हणाल्या.

इतकं सरळ उत्तर हेमांगीला अपेक्षित नव्हतं. भांडायला जमवलेलं सगळं तिच्या हातात तसंच राहिलं.

मग ती शाल्मलीकडे वळली. गुडघ्यांवर बसली, मुलीचे दोन्ही दंड धरले.

"शालू, बघ हं. बंगळुरूला मोठी शाळा आहे, तुला आवडली होती ना? आणि दिल्लीच्या बाई तुला किती..."

मिस खाकरल्या.

हेमांगी थांबली.

मिसनी तिच्या खांद्याला धरून तिला उठवलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातात अजून तोच जोर होता. पाठ वाकली की याच हातानं सरळ करायच्या.

"तिकडे तोंड करून उभी राहा. खिडकीकडे."

"कशाला?"

"राहा."

हेमांगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. गाद्या, निलगिरीची झाडं, चर्चची पांढरी भिंत. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. मुलीचा चेहरा दिसत नाही म्हटल्यावर आपले हात कुठे ठेवायचे तेही तिला कळेना.

"आता विचार."

प्रश्न दोन-तीनदा ओठांपर्यंत आला आणि दर वेळी त्यात एखादी शाळा शिरलेली होती. ती काढून टाकायला वेळ लागला.

"शालू... तुला काय हवंय?"

मागे शांतता. इतकी की हेमांगीला वाटलं, पोरगी हॉलमधून निघून गेली.

"मिस," शेवटी शाल्मलीचा आवाज आला. हलका, चाचपडत. "दोन्ही नको म्हटलं तर... चालेल?"

हेमांगीची टाच जमिनीवरून उचलली गेली.

"वळू नकोस," मिस म्हणाल्या.