चार कोपरे आणि एक दार

बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगचं नवं यंत्र आलं, तेव्हाच माणसं कमी होणार हे सगळ्यांना कळलं होतं. कोणाला काढायचं ते ठरवायला मालकांनी कर्णिक नावाचे सल्लागार बोलावले.

कर्णिकसाहेबांनी कॅन्टीनच्या चार कोपऱ्यांत चार पाट्या लावल्या: मेहनती, हुशार, निष्ठावान, मनमिळाऊ. "आधुनिक उद्योगात कामगार चारच प्रकारचे असतात. आपला प्रकार ओळखा आणि तिथं उभे राहा. घाबरू नका, हा एक खेळ आहे."

खेळ कसला! कोणता कोपरा वाचणार हे ठाऊक नसल्यानं माणसं वेड्यासारखी इकडून तिकडे पळायला लागली. पॅकिंगच्या वत्सला घोलप मात्र सरळ जाऊन दारात उभ्या राहिल्या.

"मावशी, दार हा काही प्रकार नाही," साहेब हसले. "कोपरा निवडा."

"साहेब, कुठल्याही कोपऱ्यात गेलं तरी शेवटी इथूनच बाहेर काढणार ना? मी आपली आधीच येऊन थांबले."

एकेक करत सगळे कोपरे रिकामे झाले. माणसं वत्सलाबाईंच्या मागे येऊन उभी राहिली. साहेब मधोमध एकटेच उरले.

"मग मी कुठं उभा राहू?" ते चिडून म्हणाले.

वत्सलाबाईंनी त्यांच्या गळ्यातल्या पाहुण्यांच्या पासकडे बोट दाखवलं.

"तुम्हीपण इकडंच या. तो पास संध्याकाळी गेटवर परत द्यायचाय."

कोणीच हसलं नाही. भिंतीपलीकडे नवं यंत्र, कुठल्याच कोपऱ्यात उभं न राहता, बिस्किटं भरत होतं.