शंभर पवनचक्रं आणि राणी कनकांगी

एका राज्यात राजे पुष्कळ होऊन गेले, पण त्यांतल्या एकाचंही काम पुरं झालं नाही. का, तर तिथली रीतच तशी! राजा वारला की त्याचे सारे हुकूम त्याच्याच चितेवर जाळायचे, आणि नव्याने कोऱ्या कागदावर आरंभ करायचा. एकाने कालवा अर्धा खणावा, दुसऱ्याने तो बुजवावा. वर लोकांना त्याचाच अभिमान, आता काय म्हणावं!

त्या राज्याच्या पोटात काळ्या दगडांचं भुयार होतं. राणी कनकांगीच्या आजेसासऱ्याने ते फोडलं. एक दगड चुलीत घातला की आठ दिवस विझत नसे. घरोघर उजेड झाला, भट्ट्या धडधडल्या. तो वारला, त्याचे हुकूम जळाले, पण दगडांची चटक लोकांना सुटली नाही. भुयारात राहणाऱ्या मांत्रिकाने चिडून शाप दिला होता, "दर दगडामागे ऊन तीळभर वाढेल." तीळ तो केवढा! कोणी मनावर घेतलं नाही. कनकांगी गादीवर आली तेव्हा गाईंचं दूध कासेतच नासत होतं.

राणी भुयाराशी गेली. पहिल्याच दारात एक म्हातारा धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "मांत्रिक निजला आहे. त्याचा निरोप ऐक. तुझ्या मुलाचा राज्याभिषेक या राज्यातला शेवटचा. पुढे राज्य करायला माणूसच उरणार नाही."

राणीचा मुलगा शतंजय अवघा पाच वर्षांचा होता.

"उतारा सांग."

"कामं तीन. वाऱ्याला कामाला लाव. भुयाराची शंभर दारं बंद कर. तिसरं काम तिसावं दार लावशील तेव्हा सांगेन."

वारा डोंगरमाथ्यावर राही. स्वभावाने भारी तिरसट. म्हणाला, "लोक माझ्या तोंडावर दारं लावतात, आणि आता काम सांगायला आलीस?"

"म्हणून तर माफी मागायला पायी आले," राणी म्हणाली.

वारा विरघळला. "शंभर टेकड्यांवर शंभर चक्रं उभार. मी फिरवीन. दिवे लागतील, भट्ट्या चालतील, धूर नाही की राख नाही."

पहिलं चक्र तीनदा कोसळलं. लोक हसले. भिवाजी सुतार मात्र म्हणाला, "मोडलं तर मोडलं, राणीसरकार! कुठे मोडलं ते तर कळलं." चौथ्यांदा ते फिरलं. मग वर्षाला एक चक्र उभं राहू लागलं, आणि दर चक्रामागे भुयाराचं एक दार बंद होऊ लागलं.

तिसावं दार लागलं तेव्हा राणीचे केस पिकले होते. धनेश म्हणाला, "उरलेली सत्तर तुझ्या हयातीत होत नाहीत. तुझं काम दुसऱ्या राजाने आपखुशीने हाती घेतलं, तर शाप तुटेल."

"हुकूम जाळायची ती रीत मोडायचा हुकूमच काढते!"

"तोही चितेवर जाईल, बाई."

राणी तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी तिने भर दरबारात मुकुट काढला आणि शतंजयाच्या डोक्यावर ठेवला.

राजपुरोहित गडबडला. "पण चिता कुठाय? हुकूम कशावर जाळायचे?"

"मी मेले कुठे?" कनकांगी म्हणाली. "मी धडधाकट आहे, आणि उद्यापासून भिवाजीच्या हाताखाली रंधा मारणार आहे."

दरबारी नव्या राजाच्या कानाशी लागले, "महाराज, आपल्या नावाचं काही नवं काढा." शतंजयाने आईचे हुकूम चाळले. त्याचा चेहरा पडला. "आईसाहेब, यात माझं नाव कुठे?"

"तीस चक्रं उभी आहेत, बाळा. एकावरही माझं नाव नाही. जाऊन बघ."

शतंजय गेला. तीसही टेकड्या चढला. परत आला तो डोळे पुसतच. आईच्या मोहोरेखाली त्याने आपली मोहोर उमटवली आणि विचारलं, "एकतिसावं कुठल्या टेकडीवर?"

त्या घटकेला मांत्रिक जागा झाला, काठी उचलून मुलूख सोडून गेला. शाप तुटला. ऊन आलं तसंच हळूहळू उतरलं, गाई पोटभर दूध देऊ लागल्या, राज्याची घडी बसली. शंभरावं चक्र शतंजयाच्या लेकीने फिरवलं. कनकांगी ते पाहायला नव्हती, आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. जसं तिचं काम कोणी हाती घेतलं, तसं तुमचंही घेवो.