गारमाळचा नगारा शेकणारा लिंबाजी

किती पिढ्या उलटल्या ते आता गारमाळात कुणालाच सांगता येत नाही. पण तेव्हाही हा माळ असाच उघडा होता, आणि हस्ताच्या नक्षत्रात इथं अशाच विजा पडायच्या. बाजरीची काढणी नेमकी त्याच दिवसांत. माणसं लांबलांबच्या शेतांत वाकलेली असायची आणि डोंगराआडून चढणारा ढग त्यांना दिसायचा नाही. म्हणून टेकडीवर एक नगारा होता. ढग दिसला की लिंबाजी तो वाजवायचा आणि लोक विळे टाकून घर गाठायचे.

लोकांना वाटे, नगारा वाजवणं एवढंच लिंबाजीचं काम. खरं काम वेगळंच होतं. पावसाळी हवेत कातडं ओल धरतं, सैल पडतं. ज्या दिवशी आवाज हवा, त्याच दिवशी नगारा मुका होतो. म्हणून लिंबाजी रोज सकाळी गोवऱ्या पेटवायचा, कातडं शेकायचा, तेल चोळायचा, वाद्या आवळायचा. असं म्हणतात, त्याच्या तळहातांचा धुराचा वास कधी गेलाच नाही.

एका वर्षी तीनदा नगारा वाजला आणि तिन्ही वेळा ढग नुसताच निघून गेला. कापलेली बाजरी रानात पडून राहिली, पाखरांनी खाल्ली. पाटील टेकडी चढून आले.

“लिंबाजी, तुझ्या नगाऱ्यापायी तीन दिवस काम बुडालं.”

“ढग दिसला की वाजवायचा, पाटील. वीज पडंल का न्हाई, ते मला कसं कळावं?”

“आता मी निरोप धाडीन तेव्हाच वाजव.”

लिंबाजीच्या मनाला ते लागलं. वाजवायचाच नाही तर शेकायचा कशाला, म्हणून तो घरी बसला. आठ दिवस टेकडीवर धूर दिसला नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी आभाळ इतकं काळवंडलं, की कोंबड्या खुराड्यात शिरल्या. निरोपाची वाट न बघता लिंबाजी टेकडीवर धावला. त्यानं दांडकी हाणली, तर ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. तो जीव खाऊन वाजवत राहिला, मग ओरडत राहिला. वारा उलटा होता. खाली पाच बाया बाजरी कापत होत्या, त्यांत त्याची लेक ठकू होती. सर आली तशा त्या बाभळीखाली पळाल्या. वीज त्याच बाभळीवर पडली. लिंबाजीनं ते वरून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पाटील त्याच्यापुढं मान खाली घालून बसले. “चूक माझी हाय, लिंबाजी.”

“तुमी वाजवू नको म्हनला व्हता,” लिंबाजी म्हणाला. “शेकू नको न्हवतं म्हनला.”

त्यानंतर तो घरी राहिला नाही. टेकडीवरच राहू लागला. पावसानं गोवऱ्या विझल्या, की घोंगडी नगाऱ्यावर टाकायचा, स्वतः भिजायचा आणि कातड्याला छाती लावून पडायचा. असं म्हणतात, त्याच्या अंगात कायमचा ताप भरला होता आणि त्या तापानं कातड्यातून वाफ निघायची. त्याच्या हयातीत गारमाळात पुन्हा कुणी विजेनं गेलं नाही. पण त्याला कधी कुणी हसताना पाहिलं नाही.

म्हातारपणी त्याच्यावरच वीज पडली. सगळ्या गावानं टेकडी उजळलेली पाहिली. तरी नगारा वाजतच होता. शेवटचा माणूस घरात शिरला तेव्हा कुठं तो थांबला. पाऊस ओसरल्यावर लोक वर गेले. दांडक्यांचा कोळसा झाला होता, लिंबाजीचं अंग केव्हाच गार पडलं होतं. कातडं मात्र गरम होतं, असं म्हणतात.

आता मोबाइलवर विजेचा इशारा येतो. कधी येतो, कधी येत नाही. गारमाळ त्यावर विसंबत नाही. हस्तात रोज सकाळी एकेका घरचं माणूस टेकडी चढतं, गोवऱ्या पेटवतं, कातडं शेकतं, वाद्या आवळतं आणि लिंबाजीचं नाव घेऊन एकच ठोका देतं. मग ते कान देऊन उभं राहतं. सगळ्यात लांबच्या शेतातून “ऐकलं” अशी हाक आली, तरच खाली उतरतं. हाक आली नाही, तर पुन्हा गोवऱ्या पेटवतं.