सत्कारमूर्ती

हरलेल्या पैलवानाच्या डोळ्यांतलं पाणी टिपणारा शमा मुजावरचा फोटो स्पर्धेत पहिला आला. सत्कार करायला उठलेले नगराध्यक्ष दादासाहेब खर्डेकर माईकवर गरजले, "यात पोरीचं कसलं कौतुक? सगळी करामत त्या महागड्या कॅमेऱ्याची!"

त्यांनी दिलेली शाल शमानं खुर्चीवरच्या कॅमेऱ्याला पांघरली, पुढ्यात नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. दादासाहेबांचा आ वासला तो मिटेना. असला सत्कार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता!

पण उद्याच्या पेपरात झळकायचं होतं, आणि त्या पेपरची फोटोग्राफर शमाच होती. फेटा सावरत ते कसेबसे म्हणाले, "बरं, काढ आता आमचा फोटो."

शमा हाताची घडी घालून म्हणाली, "मला कशाला सांगता, साहेब? सत्कारमूर्तींना सांगा की!"