सोळा खिशांची बंडी

नदीच्या वळणावर एक गाव होते. तिथे हैबती आणि गेणू हे दोघे भोई भाऊ गळाने मासे धरून पोट भरत. हैबती थोरला. हाताचा कसबी, पण मिरवायची हौस दांडगी.

त्यांच्या डोहाच्या तळाशी खडक फार. गळ खडकात अडकला की गेणू बुडी मारून तो सोडवी. बुडी मारणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून गुंतलेली दोरी कापायची सुरी काठावरच्याने ठेवायची, तीही गळ्यात अडकवून. खालून गळाच्या दोरीला दोन झटके आले की सुरी घेऊन उडी मारायची. हा त्यांच्या बापाने घालून दिलेला नियम होता.

एकदा शहरातला एक साहेब मासे धरायला आला. त्याच्या अंगात खिसेच खिसे असलेली बंडी होती. ती हैबतीच्या डोळ्यांत भरली. दुसऱ्याच दिवशी तो जाड खाकी कापड घेऊन शिंप्याकडे गेला.

"खिसे किती लावू?"

"सोळा. सगळ्यांना बटणं."

"बंडी पाहिजे का फडताळ?" शिंपी म्हणाला.

बंडी शिवून आली. एका खिशात लहान गळ, एकात मोठे. एकात शिशाच्या गोळ्या, एकात कोंबड्याच्या पिसांच्या नकली माश्या, एकात तंबाखू. रोज सकाळी हैबती सगळे बाहेर काढी आणि नव्याने लावी. कालची मांडणी त्याला आज पसंत पडत नसे. गळ्यातली सुरी बंडीवर वाईट दिसू लागली. तीही एका खिशात गेली.

गेणू म्हणाला, "दादा, सुरी गळ्यात घाल."

"मग खिसा कशाला शिवलाय?"

"कुठल्या खिशात आहे, ते तरी सांग."

"तुला काय करायचंय? मला ठाऊक आहे."

गेणू थोरल्या भावापुढे जास्त बोलत नसे.

त्याच आठवड्यात गळ अडकला. गेणूने बुडी मारली. थोड्या वेळाने दोरीला दोन झटके आले.

हैबतीने उजवीकडचा खिसा उघडला. सुरी काल तिथे होती. आज तिथे शिसे निघाले. त्याने छातीवरचा उघडला. पिसांच्या माश्या खाली सांडल्या. बोटे ओली होती, बटणे निघेनात. दोरीला पुन्हा दोन झटके आले. मग एकच आला. मग एकही नाही.

सुरी अकराव्या खिशात सापडली. हैबतीने उडी मारली. गेणूच्या पायाला दोरीचे वेढे बसले होते. त्याने ते कापले आणि भावाला वर आणले. गेणूने डोळे उघडले नाहीत.

गेणूची बायको ठकूबाई धावत नदीवर आली. ती कितीतरी वेळ नवऱ्याजवळ बसून होती. मग तिने विचारले, "दादा, सुरी घरी राहिली होती का?"

"नाही. माझ्या अंगावरच होती."

हैबती पुढे बावीस वर्षे जगला. ठकूबाईने त्याला रोज दोन्ही वेळा जेवायला वाढले, पण त्याच्याशी ती एक शब्दही बोलली नाही.

तात्पर्य: ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, ती शोधावी लागता कामा नये. टापटिपीची हौस बाकीच्या वस्तूंवर भागवावी.